खिडकीवरचे औषध, चिठ्ठीवरचे औषध

२०२३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अमेरिकेतल्या सुमारे तेवीस हजार रुग्णांचा एक अभ्यास छापला. हे सगळे रुग्ण अपंगत्वामुळे ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याखाली आलेले, म्हणजे विमा सगळ्यांचा एकच. सगळ्यांना अफूच्या जातकुळीतल्या पदार्थांचे व्यसन. कोणाला हेरॉइनचे, कोणाला फेंटानिलचे, कोणाला वेदनाशामक गोळ्यांचे. शिवाय प्रत्येक जण नुकताच एखाद्या जीवघेण्या प्रसंगातून बाहेर आलेला. डोस जास्त होऊन मरता मरता वाचलेला, सुया टोचून झालेल्या जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात पडलेला, किंवा व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेला. अशा प्रसंगानंतरच्या १८० दिवसांत ब्युप्रेनॉर्फिन हे औषध कोणाच्या हाती पडले, ते संशोधकांनी मोजले. गोऱ्या रुग्णांत ते २३.३ टक्के प्रसंगांनंतर मिळाले, हिस्पॅनिक रुग्णांत १८.७ टक्के आणि कृष्णवर्णीयांत १२.७ टक्के. हे आकडे कोणालाच भूषणावह नाहीत, कारण गोऱ्यांपैकीही तीनचतुर्थांशांहून अधिक जण या औषधाविना राहिले. पण त्या तुटपुंज्या वाटपातही कृष्णवर्णीयाचा वाटा गोऱ्याच्या जवळपास निम्मा होता. ते दवाखान्यात जातच नसतील, असे म्हणावे तर तेही खरे नाही. त्या सहा महिन्यांत तिन्ही गटांतल्या लोकांच्या डॉक्टरांकडच्या खेपा जवळपास सारख्याच होत्या. माणूस डॉक्टरसमोर बसला होता, विमा होता, आजार नोंदलेला होता, आणि तरी औषध लिहून दिले गेले नाही.

याचे चटकन सुचणारे उत्तर म्हणजे डॉक्टरांच्या मनातला वर्णभेद. ते खोटे नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी केली, तेव्हा कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, त्यांच्या मज्जातंतूंना कमी दुखते, असल्या भाकड समजुतींपैकी निदान एक तरी जवळपास निम्म्यांना खरी वाटत होती. पण सगळा दोष डॉक्टरच्या मनावर ढकलला की त्याच्या हातातले नियम नजरेआड होतात. मन बदलण्यासाठी प्रशिक्षण शिबिरे भरवली जातात, नियम तसेच राहतात. माझे म्हणणे असे की, अमेरिकेत या आजाराची दोन मुख्य औषधे दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून वाटायला काढली गेली. पहिले औषध आणले तेव्हा डोळ्यांसमोर शहरातला कृष्णवर्णीय किंवा पोर्टोरिकन तरुण होता आणि त्याच्यापासून समाजाला वाचवायचे होते. दुसरे आणले तेव्हा डोळ्यांसमोर उपनगरातला गोरा रुग्ण होता आणि त्याला लाजेपासून वाचवायचे होते. आजची तफावत मुख्यतः या दोन वाटपपद्धतींतून आली आहे.

आधी औषधांविषयी, कारण मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येणारच. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात हेरॉइनची हलकी भुकटी पसरली. डॉ. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने तिचे भयानक रूप घरोघरी पोचवले आणि १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसनमुक्ती म्हणजे पदार्थ पूर्ण बंद, हे समीकरण तेव्हापासून आपल्याकडे रुळले. मग अफूच्याच कुळातले दुसरे औषध रोज देणे म्हणजे एक नशा काढून दुसरी लावणे नव्हे काय? दिसायला तसे दिसते खरे. पण हेरॉइन दिवसातून तीन-चार वेळा माणसाला वर नेते आणि खाली आपटते. खाली आपटला की टर्की सुरू होते: अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, रात्रभर झोप नाही. पुढचा सगळा दिवस ती चुकवण्याच्या धडपडीत जातो. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसते, पण संथपणे आणि दीर्घकाळ. योग्य मात्रेवर असलेल्या माणसाला टर्की लागत नाही, तो गुंगीतही नसतो. तो कामावर जातो. ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम तर एका मर्यादेपुढे वाढतच नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका बराच कमी. आणि या पदार्थांत मरण येते ते श्वास थांबूनच.

मुद्दा शेवटी जगण्यामरण्याचा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात ओव्हरडोसमधून वाचलेल्या साडेसतरा हजार लोकांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेथाडोन घेणाऱ्यांत पुढच्या वर्षभरातले मृत्यूचे प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी होते, ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी. नुसते पदार्थ सोडवून घरी पाठवलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते, तो पुन्हा जुनाच डोस घेतो आणि मरतो. तेव्हा कोणाला हे औषध मिळते आणि कोणाला मिळत नाही, ही सोयीची नव्हे, आयुष्याची वाटणी आहे.

आता पहिल्या औषधाची हकीकत. १९१४च्या हॅरिसन कायद्यानंतर आणि त्यावरच्या न्यायालयीन निकालांनंतर व्यसनी माणसाला त्याचा पदार्थ लिहून देणे हा अमेरिकी डॉक्टरसाठी गुन्हा ठरला. अनेक डॉक्टरांवर खटले झाले, बाकीच्यांनी धडा घेतला आणि जवळपास अर्धशतक वैद्यकशास्त्राने या रुग्णाकडे पाठ फिरवली. १९६०च्या दशकाच्या मध्यावर न्यू यॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल या चयापचयतज्ज्ञांनी आणि मारी निस्वँडर या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी मेथाडोनचा प्रयोग केला. मेथाडोन मूळचे जर्मन प्रयोगशाळेतले, वेदनाशामक म्हणून ठाऊक असलेले. १९६५ मध्ये त्यांनी २२ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे हेरॉइनवर असलेली माणसे शाळेत, नोकरीत परतली होती. डोल यांचा आग्रह असा की हा चयापचयाचा आजार आहे आणि इन्सुलिन द्यावे तसे हे औषध द्यावे.

हे औषध देशभर गेले ते मात्र आजाराच्या नावाने नव्हे, गुन्हेगारीच्या नावाने. जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अंमली पदार्थांविरुद्ध मोहीम जाहीर केली आणि जेरोम जाफी या मनोविकारतज्ज्ञाकडे उपचारांची सूत्रे दिली. व्हिएतनाममधून हेरॉइनची सवय घेऊन परतणारे सैनिक ही एक चिंता होती, शहरांतल्या चोऱ्यामाऱ्या ही दुसरी. निक्सन यांच्या काळात उपचारांवर झालेला खर्च पाहता या मोहिमेला जेवढी दूषणे मिळतात तेवढ्यांना ती पात्र नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण हेतू गुन्हे कमी करण्याचा असल्यामुळे औषधाभोवती पहारा आला. १९७२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाचे नियम आले, १९७४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि व्यसनावरचे मेथाडोन फक्त परवानाधारक केंद्रातूनच मिळेल हे पक्के झाले. शेजारच्या डॉक्टरने ते लिहून द्यायचे नाही, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाने ते विकायचे नाही.

अशा केंद्रातली सकाळ कशी असते ते नीट पाहण्यासारखे आहे. कामावर जाणाऱ्यांना वेळेत पोचता यावे म्हणून बरीच केंद्रे पहाटे पाच-सहाला उघडतात. दाराशी पहारेकरी, आत रांग. ओळखपत्र दाखवायचे, खिडकीशी जायचे. काचेपलीकडची परिचारिका मोजून लालसर पातळ औषध छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात ओतते. ते तिच्यासमोर प्यायचे, वर पाणी प्यायचे आणि दोन शब्द बोलून दाखवायचे, म्हणजे घोट तोंडात धरलेला नाही याची तिची खात्री होते. मध्येच कधीतरी लघवीची तपासणी, कधी समुपदेशकाची सक्तीची गाठ. करोनापूर्व नियमांप्रमाणे पहिले तीन महिने जवळपास रोज यायचे, घरी न्यायला आठवड्याला एखादाच डोस. महिन्याभराचे औषध एकदम मिळायला दोन वर्षे निर्मळ वागणूक लागे. घरी नेलेला डोस कुलूपबंद पेटीत. दोन बस बदलून रोज इथे यायचे असेल तर फिरतीची नोकरी करता येत नाही, लांबच्या नातलगाच्या अंत्यविधीला जाणेही आधी परवानगी काढून. रुग्ण या औषधाला ‘पातळ बेड्या’ म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. आणि ही केंद्रे कुठे उघडली? कोणत्याही सुखवस्तू वस्तीला आपल्या गल्लीत ती नको होती. ती गेली हार्लेममध्ये, ब्राँक्समध्ये, प्रत्येक मोठ्या शहरातल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मोहल्ल्यांत.

दुसऱ्या औषधाचा जन्म वेगळ्या हवेत झाला. ब्युप्रेनॉर्फिन हे इंग्लंडमधल्या हल शहरातल्या रेकिट कंपनीच्या प्रयोगशाळेतले, १९६०च्या दशकातले संशोधन. व्यसनावरचे औषध म्हणून ते अमेरिकी संसदेपुढे आले ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आली होती आणि गोळ्यांचे व्यसन लहान गावांत, उपनगरांत शिरू लागले होते. राष्ट्रीय अंमली पदार्थ संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक अ‍ॅलन लेश्नर यांनी संसदेला दिलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, मेथाडोन केंद्रे शहरांत एकवटलेली आहेत आणि उपनगरांत पसरणाऱ्या व्यसनाला ती व्यवस्था मानवणार नाही. वंशाचे नाव कोणी काढले नाही. अमेरिकेत ‘उपनगर’ म्हटले की वेगळे काढावे लागतही नाही. २००० साली कायदा झाला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. आता साधा डॉक्टर आपल्या दवाखान्यात चिठ्ठी लिहून देणार आणि रुग्ण महिन्याची पाकिटे कोपऱ्यावरच्या दुकानातून घेणार. जिभेखाली ठेवायची एक गोळी, पुढच्या काळात पातळ पट्टी. घरच्यांखेरीज कोणाला कळायचे कारण नाही. हेलेना हॅन्सन, ज्यूल्स नेदरलँड आणि डेव्हिड हर्झबर्ग या अभ्यासकांनी या सगळ्या इतिहासाची मांडणी ‘व्हाइटआउट’ या पुस्तकात केली आहे. औषधाला रंग नसतो, पण त्याच्या वाटपाला तो कसा चढतो, हे त्यात सापडते.

कायद्यात एक मेख होती. हे औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरने आठ तासांचे प्रशिक्षण घेऊन खास परवाना काढायचा आणि सुरुवातीला एका वेळी फक्त तीस रुग्ण घ्यायचे. पुढे ही मर्यादा शंभर, मग २७५ झाली. हेरॉइनच्याच कुळातल्या वेदनाशामक गोळ्या हव्या तेवढ्या लिहायला कसलेच वेगळे प्रशिक्षण लागत नव्हते, हा विनोद बाजूला ठेवू. परिणाम काय झाला ते महत्त्वाचे. परवाना घेणारे डॉक्टर थोडे, जागा मोजक्या, मागणी प्रचंड. अशा बाजारात जागा कोणाला मिळते? जो रोख मोजतो त्याला. गरिबांच्या ‘मेडिकेड’ विम्याचे दर कमी आणि कागदपत्रे फार, म्हणून पुष्कळ परवानाधारकांनी तो विमा घेणेच टाळले. २०१९ मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’त आलेल्या अभ्यासाने २०१२ ते २०१५ या वर्षांतल्या दवाखान्यांच्या भेटी मोजल्या. ब्युप्रेनॉर्फिन लिहून दिलेल्या गोऱ्यांच्या भेटी १ कोटी २७ लाख, बाकी सगळ्या वंशांच्या मिळून ३ लाख ६३ हजार. पैसे भरण्याची सर्वांत मोठी पद्धत म्हणजे स्वतःच्या खिशातून रोख, सुमारे चाळीस टक्के. त्याखालोखाल खासगी विमा. २०२० मधल्या एका अभ्यासात जिल्हावार नकाशाने हेच दाखवले. जिथे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक गोऱ्यांपासून तुटून राहतात तिथे मेथाडोन केंद्रे जास्त, जिथे गोरे त्यांच्यापासून तुटून राहतात तिथे ब्युप्रेनॉर्फिनची सोय जास्त. न्यू यॉर्क शहराच्या वस्त्यांबाबत हॅन्सन यांच्या चमूला हे आधीच आढळले होते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, त्या काळात साथच मुळी गोऱ्यांत होती, मग औषध त्यांच्याकडे गेले यात अन्याय कसला? आक्षेपात तथ्य आहे. कृष्णवर्णीयांच्या वेदनेवर डॉक्टरांचा विश्वास कमी, म्हणून त्यांना वेदनाशामक गोळ्याही कमी लिहून दिल्या जात. त्या उपेक्षेने गोळ्यांच्या पहिल्या लाटेत त्यांचे काही प्रमाणात रक्षणच केले. पण साथ गोऱ्यांत जास्त होती म्हणजे ती दुसरीकडे नव्हती असे नव्हे. कृष्णवर्णीय वस्त्यांत १९६०-७०च्या दशकांपासूनचे हेरॉइन होतेच. देशाच्या लोकसंख्येत सात-आठ जणांमागे एक कृष्णवर्णीय आहे. गोरे सोडून बाकी साऱ्या वंशांच्या वाट्याला मिळून भेटींचे तीन टक्केही येऊ नयेत, हे आजाराच्या कोणत्याही वाटणीने समजावता येत नाही. पुढे हेरॉइनहून कितीतरी जहाल असलेले फेंटानिल आले आणि हा आक्षेप कालबाह्यच झाला. २०२० मध्ये दर लाख लोकसंख्येमागे ओव्हरडोसचे मृत्यू गोऱ्यांत ३१.६ होते, कृष्णवर्णीयांत ३६.८ आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत ४१.४. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या पाहणीनुसार त्या वर्षी मृत्यू पावलेल्या कृष्णवर्णीयांपैकी व्यसनावर पूर्वी काही उपचार झाल्याची नोंद बारांत एकाचीच होती. साथ सरकली, औषध मागे राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा वंशाचा नव्हे, पैशाचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने रोख पैशांचा आकडा वर आलाच आहे. पण प्रश्न निव्वळ पैशाचा असता तर सारखा विमा असलेल्यांत तफावत मिटायला हवी होती. सुरुवातीला पाहिलेला मेडिकेअरचा अभ्यास सारख्या विम्याचाच आहे. आणि खासगी विमा असलेल्या, ओव्हरडोसमुळे आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांचा २०२० मधला अभ्यास सांगतो की, पुढच्या तीन महिन्यांत उपचार सुरू होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या सुमारे निम्मी होती. पैसा ही एक गाळणी आहे, पण तिच्यातून उतरलेल्यालाही पुढे दुसरी लागते. ती कोणती? माझ्या समजुतीप्रमाणे सवय. वीस वर्षे ज्या डॉक्टरांनी हे औषध लिहिले त्यांचे रुग्ण मुख्यतः गोरे होते. ज्या डॉक्टरांकडे कृष्णवर्णीय रुग्ण जातात, त्यांनी ते कधी लिहिलेच नव्हते. समोर व्यसनी कृष्णवर्णीय आला की त्याला मेथाडोन केंद्राकडे धाडायचे, हीच रीत पडली. त्यात द्वेष असेलच असे नाही. पण रीत द्वेषाहून चिवट असते, कारण तिला कोणी जाब विचारत नाही.

तिसरी हरकत विश्वासाची. कृष्णवर्णीय समाजच या औषधांना बिचकतो, असे म्हणतात. बिचकण्याला कारणे आहेत. टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यखात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश नुसता पाहत ठेवला, उपचार नाकारून. मेथाडोनविषयी तर संशय उघडपणे बोलला गेला. १९७०च्या नोव्हेंबरमध्ये पोर्टोरिकनांची ‘यंग लॉर्ड्स’ आणि कृष्णवर्णीयांची ‘ब्लॅक पँथर्स’ या संघटनांच्या आणि इतर कार्यकर्त्यांनी दक्षिण ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयाच्या इमारतीत ठिय्या देऊन स्वतःचे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि पुढे तिथे अ‍ॅक्युपंक्चर वापरले गेले. मेथाडोन म्हणजे गरिबांना शांत ठेवण्याचे सरकारी हत्यार, ही त्यांची धारणा. वैद्यकीयदृष्ट्या ते चुकले असे मला वाटते. रुग्ण उपचारात टिकण्याच्या बाबतीत मेथाडोन ब्युप्रेनॉर्फिनहून सरस ठरते आणि फेंटानिलच्या काळात पुष्कळांना तेच अधिक मानवते. पण पहाऱ्यात, रांगेत, काचेआडून मिळणाऱ्या औषधाबद्दल त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो वाटपाबद्दल होता आणि तो निराधार नव्हता. शिवाय अविश्वास हे उपचार न देण्याचे कारण होऊ शकत नाही. डॉक्टरकडे सारख्याच खेपा घालणारा अविश्वास बाळगतो असे म्हणायचे तरी कसे?

आणि मेथाडोन उत्तमच असेल तर तक्रार कशाची, असेही विचारता येईल. तक्रार निवडीची आहे. ज्याला मेथाडोन मानवते त्यालाही ते रोज पहाटे खिडकीशी उभे राहूनच मिळते, आणि ज्याला ब्युप्रेनॉर्फिन मानवले असते त्याच्यापुढे ते ठेवलेच जात नाही. उपनगरातल्या गोऱ्यालाही या व्यवस्थेने लुबाडले आहेच. मेथाडोनची गरज असलेला खेड्यातला गोरा रुग्ण केंद्रापासून मैलोगणती लांब आहे.

पहाऱ्याचे समर्थन करणारे सुरक्षिततेचा मुद्दा काढतात. औषध मोकळे सोडले तर ते काळ्या बाजारात जाईल आणि लोक मरतील. हे भय निव्वळ काल्पनिक नाही, मेथाडोनचा जादा डोस माणूस मारतो. पण याचा पडताळा दुसऱ्या देशांत होऊन गेला आहे. फ्रान्सने १९९५ मध्ये कोणत्याही साध्या डॉक्टरला, वेगळ्या परवान्याशिवाय, ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली. थोडेफार औषध काळ्या बाजारात गेले, लोकांनी ते टोचूनही घेतले. आणि चार वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घसरले. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे मेथाडोन शेजारच्या औषधविक्रेत्याकडे मिळते. खुद्द अमेरिकेत करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, स्थिर रुग्णांना २८ दिवसांचे आणि बाकीच्यांना १४ दिवसांचे मेथाडोन घरी देण्याची मुभा मिळाली. हाहाकार माजला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मुभा कायमची झाली. तरीही ती केंद्राच्या मर्जीवर आहे, हे लक्षात ठेवावे.

तुरुंगाचा विषय स्वतंत्र प्रकरणाचा आहे, पण तो वगळून हिशेब पुरा होत नाही. कृष्णवर्णीय व्यसनी माणसाची गाठ डॉक्टरआधी पोलिसांशी पडते. १९८६च्या कायद्याने कृष्णवर्णीय वस्त्यांशी जोडल्या गेलेल्या क्रॅक कोकेनच्या एका ग्रॅमला भुकटी कोकेनच्या शंभर ग्रॅमइतकी शिक्षा लावली होती. २०१० मध्ये ते प्रमाण अठरास एक झाले, बरोबरीचे झालेच नाही. तुरुंगांत मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन बहुतेक ठिकाणी बंद केली जात आणि बाहेर पडलेला माणूस टर्की सोसून, सवय मोडून, औषधाविना रस्त्यावर येई. वॉशिंग्टन राज्यातल्या २००७च्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट निघाला. र्‍होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ पासून तुरुंगातच व्यसनावरची सगळी औषधे देऊ केली आणि सुटून आलेल्यांतले ओव्हरडोसचे मृत्यू वर्षभरात सुमारे ६१ टक्क्यांनी कमी झाले. काय करायला हवे, हे ठाऊक नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही.

या सगळ्या नियमांचे ओझे एकाच पिढीवर कसे साठते ते बाल्टिमोरमध्ये दिसते. तिथल्या वृत्तपत्रीय शोधमोहिमेने २०२४ मध्ये उघड केले की, शहरात सहा वर्षांत ओव्हरडोसने जवळपास सहा हजार माणसे गेली. तेव्हा पन्नाशीच्या मध्यापासून सत्तरीपर्यंत असलेले कृष्णवर्णीय पुरुष शहराच्या लोकसंख्येत सात टक्के, पण मृतांत सुमारे तीस टक्के. ही पिढी ऐन तारुण्यात हेरॉइनच्या तोंडी सापडली, ऐन उमेदीत तुरुंगात गेली, आणि उतारवयात तिच्या नेहमीच्या पुडीत हेरॉइनऐवजी फेंटानिल आले. २०२० मध्ये देशभरात पासष्टीपुढच्या कृष्णवर्णीय पुरुषांचा ओव्हरडोसचा मृत्युदर त्याच वयाच्या गोऱ्यांच्या जवळपास सातपट होता. मुख्यतः वृद्धांचा सरकारी विमा असलेल्या मेडिकेअरने मेथाडोन केंद्राचा खर्च द्यायला सुरुवात केली ती जानेवारी २०२०पासून. म्हणजे पासष्ट वर्षे पुरी झाली की विमा मिळे, पण त्यात नेमके हेच औषध नसे. हा नियम करणाऱ्याच्या मनात वंश नसेलही. नियम मात्र ज्याच्यावर पडायचा त्याच्यावरच पडला.

२०२२च्या डिसेंबरमध्ये ब्युप्रेनॉर्फिनसाठीचा खास परवाना रद्द झाला. आता अशी औषधे लिहिण्याचा सर्वसाधारण परवाना असलेला कोणीही डॉक्टर ते लिहू शकतो. त्यानंतर हे औषध लिहिणारे डॉक्टर वाढले, पण औषध घेणाऱ्यांची संख्या फारशी हलली नाही. वर सांगितलेल्या रीतीचा विचार केला तर यात नवल नाही. कागद फाडल्याने वीस वर्षांच्या सवयी फाटत नाहीत. ज्या दवाखान्यांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळ रहिवासी जातात, तिथल्या डॉक्टरांना हे औषध सुरू करण्याचा सराव, वेळेचा मोबदला आणि मदतीला माणूस मिळाला तरच ते चिठ्ठीवर येईल. २०२४ मध्ये ओव्हरडोसचे एकूण मृत्यू वर्षाला एक लाखावरून सुमारे ऐंशी हजारांवर उतरले. एकूण उतार आला की लोकांचे लक्ष उडते, आणि तफावत एकूण आकड्यात दिसत नाही. म्हणून प्रत्येक राज्याने औषध मिळालेल्यांची गणना वंशवार जाहीर केली पाहिजे, आणि वेदनाशामक गोळ्यांवरच्या खटल्यांत औषधकंपन्यांशी झालेल्या तडजोडींतून आलेला पैसा त्या गणनेनुसार खर्चला पाहिजे.

आणि मेथाडोन? केंद्राबाहेरच्या व्यसनोपचारतज्ज्ञांना ते लिहून देता यावे आणि रुग्णाला ते दुकानातून घेता यावे, असे विधेयक २०२३ मध्ये अमेरिकी संसदेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. कंबरदुखीसाठी मेथाडोन हवे असेल तर आजही कोणीही परवानाधारक डॉक्टर ते साध्या चिठ्ठीवर लिहून देतो आणि कोपऱ्यावरचा औषधविक्रेता ते पिशवीत घालून देतो. त्याच गोळ्या व्यसनावर हव्या असतील तर ती चिठ्ठी बेकायदा ठरते.